सकाळची सुई, आदल्या रात्रीचं जेवण: पहिल्यांदा रक्त तपासायला जाणाऱ्यांसाठी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार-पाच तपासण्या खरडल्या आणि बाहेर कंपाउंडरनं "उद्या सकाळी उपाशीपोटी जा" एवढंच सांगितलं, की घरी गेल्यावर प्रश्न सुरू होतात. पाणी चालतं का? बीपीची गोळी घ्यायची की ठेवायची? रात्री कितीपर्यंत जेवायचं? आणि चहा, निदान अर्धा कप? नाशिकच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम मी बरीच वर्षं करते. सकाळच्या गर्दीत हेच प्रश्न कानावर येतात आणि त्या घाईत कुणाला धड उत्तर देणं होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आमचं मशीन रक्तातली साखर मोजतं. ती रात्रभर उपाशी राहिलेल्या शरीरातली आहे की सकाळी सहाच्या चहा-बिस्किटांची, हे त्याला कळत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. डॉक्टर मात्र आकड्याशेजारी 'फास्टिंग' असं वाचतात आणि त्यावर गोळी ठरवतात. त्यामुळे पुढच्या सूचनांपैकी एखादी पाळायची राहून गेली तर आभाळ कोसळत नाही, पण काय खाल्लं-प्यायलं ते आमच्यापासून लपवू नका.

आधी चिठ्ठी वाचा

सगळ्याच तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही. हिमोग्लोबिन आणि पेशी मोजणारी सीबीसी, रक्तगट, डेंग्यू-मलेरिया, किडनीसाठीचं क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच या तपासण्या जेवून गेलात तरी होतात. एचबीएवनसीचंही तसंच. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, कालच्या पुरणपोळीनं ती हलत नाही. चिठ्ठीवर एवढंच असेल आणि घरातलं वयस्कर माणूस न्यायचं असेल, तर पोहे खाऊ घालून खुशाल न्या. उगाच ताटकळत ठेवलेली आजी रांगेत घेरी येऊन पडते तेव्हा आमचीही धावपळ होते.

उपाशीपण खरोखर लागतं ते फास्टिंग शुगरला, म्हणजे किमान ८ तास. कोलेस्टेरॉलच्या तपासणीला, जिला लिपिड प्रोफाइल म्हणतात, साधारण ९ ते १२ तास. रक्तातलं लोह आणि फास्टिंग इन्सुलिन मोजायचं असेल तरी सकाळी उपाशीच यायचं, आणि लोहासाठी आदल्या दिवसापासून लोहाची गोळी बंद ठेवायची.

लिपिडबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यात गोंधळ आहे. जेवणातलं तूप-तेल रक्तात ट्रायग्लिसराइडच्या रूपानं काही तास फिरत राहतं. बऱ्याच लॅब एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून तो आकडा काढतात. म्हणजे रात्री उशिरा झालेल्या मटणानं ट्रायग्लिसराइड फुगलं की एलडीएल उगाचच कमी दिसतं, आणि माणूस खूश होऊन घरी जातो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे गणित लागूच पडत नाही. दुसरीकडे, २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी नेहमीच्या तपासणीसाठी लिपिडला उपाशी राहण्याची गरज नाही, असं मत दिलं. त्यामुळे एखादे डॉक्टर "जेवून गेलात तरी चालेल" म्हणाले तर ते चुकीचं सांगत नाहीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून उपाशीच बोलावतात. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते करा. वेगळं काही सांगितलं नसेल तर उपाशी या.

गरोदर बाईची साखरेची तपासणी मात्र वेगळी असते. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आधी जेवलेली असो वा नसो, फरक पडत नाही. आकडा १४० किंवा जास्त आला तर पुढचे उपचार सुरू होतात. ते गोड पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचं असतं, आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. काही डॉक्टर उपाशी करायची दुसरी पद्धत वापरतात, म्हणून आपल्याला नेमकी कोणती सांगितली आहे ते विचारून घ्या.

चिठ्ठीत पोटाची सोनोग्राफीही असेल तर क्रम महत्त्वाचा. रक्त दिल्यावर लोक सवयीनं समोरच्या टपरीवर चहा मारतात आणि मग सोनोग्राफीवाले परत पाठवतात. काही खाल्लं, विशेषतः दुधाचं किंवा तेलकट, की पित्ताशय आकसतं आणि त्यातले खडे नीट दिसत नाहीत. आधी रक्त, मग सोनोग्राफी, मग नाश्ता.

सुई कधी टोचणार, त्यावरून मागे मोजा

सकाळी ८ ला रक्त द्यायचं आणि १२ तास उपाशी राहायचं, तर रात्री ८ ला शेवटचा घास. नाशिकच्या किती घरांत आठला ताटं उचलली जातात? मालिका बघत नऊ-साडेनऊला जेवणं होतात. मग आठचा हट्ट कशाला? नऊला जेवा आणि सकाळी नऊला या. रांगही तोवर थोडी ओसरलेली असते. फक्त साखर तपासायची असेल तर रात्री दहाला जेवलेला माणूसही सकाळी सातला बिनघोर येऊ शकतो.

शेवटचा घास म्हणजे खरोखर शेवटचा. नऊला जेवण, साडेनऊला मुखवास, दहाला हळदीचं दूध, आणि फेब्रुवारी असेल तर टीव्हीसमोर द्राक्षांचा घोस. मग तुमचं घड्याळ दहानंतर सुरू झालं, नऊला नव्हे.

उलट बाजूनं, जास्त वेळ उपाशी राहिलं की रिपोर्ट जास्त चांगला येतो हा समज डोक्यातून काढून टाका. संध्याकाळी सहाला खाऊन दुसऱ्या दिवशी अकराला येणारे असतात. शरीर इतका वेळ गप्प बसत नाही. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, चरबी वापरायला काढतं, आणि काही लोकांत नुसत्या उपासमारीनं बिलिरुबिन वाढून कावीळ असल्यासारखा आकडा येतो. १२ तास पुरे. १४ च्या पुढे जाऊ नका.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांचं गणित वेगळं पडतं. सेकंड शिफ्ट करून बारा-साडेबाराला घरी येऊन जेवलात तर सकाळी आठला साडेसात तासच होतात. अशा दिवशी कंपनीतच नऊच्या सुमारास पोटभर डबा खा आणि घरी आल्यावर फक्त पाणी. नाइट करून सकाळी थेट लॅबमध्ये येणं मात्र टाळा. रात्रभर जागरण, मध्ये दोन-तीन चहा, एखादा वडापाव, आणि झोप नसल्यामुळे तशीही चढलेली साखर. त्या आकड्यावर काही ठरवणं बरोबर नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, रात्री झोपून, सकाळी या.

पेठ, सुरगाणा, दिंडोरी, इगतपुरीकडून एसटीनं येणाऱ्यांना नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरेपर्यंतच नऊ-दहा वाजतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसानं इतका प्रवास रिकाम्या पोटी करणं धोक्याचं आहे. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. सरकारी दवाखान्यांसाठी तपासण्या करणाऱ्या महालॅबमार्फत तिथून नमुने गोळा होतात, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्यांचे पैसे लागत नाहीत. नाशिकलाच यायचं असेल तर सोबत कुणीतरी असू द्या आणि पिशवीत भाकरी-भाजी घ्या. ती पुढे कामाला येईल.

आदल्या रात्रीचं ताट

रोज जेवता तेच जेवा. उद्या तपासणी म्हणून नुसती मुगाची खिचडी खाणारे आणि उद्या उपाशी राहायचं म्हणून आज दाबून जेवणारे, दोघंही स्वतःला फसवतात. डॉक्टरांना तुमचं नेहमीचं शरीर बघायचं असतं.

फार तेलकट मात्र नको. रक्त थोडा वेळ ठेवून मशीनमध्ये फिरवलं की वर पिवळसर, स्वच्छ पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. लग्नाचं किंवा हळदीचं जेवण उशिरा झालेल्या माणसाचं सीरम कधी कधी दुधासारखं पांढरं येतं. मग नुसतं कोलेस्टेरॉलच नाही, त्याच नळीतल्या लिव्हरच्या तपासण्यांचे आकडेही चुकू शकतात, कारण आमची बरीच मशीनं नमुन्यातून प्रकाश सोडून मोजतात. असं सीरम आलं की आम्ही पुन्हा बोलावतो, आणि माणसं वैतागतात.

दारू दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवा. ट्रायग्लिसराइडवर तिचा परिणाम एका रात्रीत ओसरत नाही. आपल्या गावाला वाइनचं कौतुक आहे म्हणून सांगते, वाइनही त्यातच आली. जिममध्ये जड व्यायाम किंवा लांबची ट्रेकही आदल्या दिवशी नको. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालून मंगळवारी सकाळी लिव्हरची तपासणी करायला येऊ नका. थकलेल्या स्नायूंतून एएसटी नावाचं एन्झाइम रक्तात येतं आणि आकडा लिव्हर बिघडल्यासारखा दिसतो.

रात्रीपासून सुईपर्यंत: पाणी, आणि फक्त पाणी

साधं पाणी प्या. हवं तेवढं प्या. पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं आणि दोष आमच्यावर येतो. सकाळी उठल्यावर एक-दोन ग्लास आणि निघताना अर्धा ग्लास, एवढं तरी नक्की.

बाकी काय चालत नाही याची यादी लोकांना वाटते त्यापेक्षा लांब आहे. बिनसाखरेचा काळा चहा, कॉफी आणि ग्रीन टी यांत साखर नसली तरी कॅफिन असतं, ते नको. लिंबू-मध-पाणी, मेथीचं पाणी, कारल्याचा रस, गुळवेलीचा काढा, जिऱ्याचं पाणी, भिजवलेले बदाम ही मंडळी सर्वांत फसवी. रोज अनशापोटी घ्यायची सवय असते म्हणून त्यांना कुणी खाणं समजतच नाही. "काही खाल्लं नाही हो, फक्त मधपाणी" हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळतं की आता मी "काही खाल्लं का" असं विचारतच नाही. "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं" असं विचारते.

त्यात मग तंबाखू निघते. चुना-तंबाखू, गुटखा, सिगारेट, सुपारी, च्युइंगगम, खोकल्याची गोड गोळी, सगळंच टाळायचं. मिश्रीबद्दल बायका आपणहून बोलत नाहीत, पण मिश्रीतही तंबाखूच असते आणि निकोटिननं साखरेचे आकडे हलतात. दात ब्रशनं घासा, चूळ भरा, पेस्ट गिळू नका, एवढं पुरे.

पंचवटीत राहणारी पुष्कळ मंडळी सकाळी आधी काळारामाला किंवा कपालेश्वराला जाऊन मग लॅबमध्ये येतात. दर्शन घ्या. पंचामृतात मात्र दूध, दही, मध, साखर सगळं आहे, त्यामुळे त्या दिवशी ते नको. प्रसादाची पुडी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर खा. सकाळचा भराभर चालण्याचा फेराही त्या दिवशी राहू द्या.

संकष्टी, एकादशी आणि नवरात्र

उपवासाचा फराळ लॅबच्या हिशेबात जेवणच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, भगरीत आणि रताळ्यातही तेच, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. "आज एकादशी आहे, सकाळपासून उपवासच आहे, तर दुपारी रक्त देऊन येते" असं म्हणत अकराला खिचडी खाऊन बारा वाजता आलेल्या बाईची फास्टिंग शुगर मी घेत नाही, मग ती कितीही रागावली तरी.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीही लिपिडची तपासणी ठेवू नका. चंद्रोदय कधी नऊला, कधी दहाला, त्यानंतर आरती, मग मोदक आणि जेवण. सकाळी आठला जेमतेम नऊ-दहा तास भरतात आणि तेही भरल्या पोटाचे. नवरात्रात नऊ दिवस फळांवर राहणाऱ्यांनी, कालिकामातेच्या यात्रेत पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्यांनी आणि वणीला पायी जाणाऱ्यांनी दसरा होऊन रोजचं जेवण आठ-दहा दिवस सुरू झालं की मग यावं. मधुमेहाची औषधं चालू असताना कडक उपवास करायचाच असेल तर तो डॉक्टरांना विचारून. त्यात लॅबवाल्यांचा सल्ला घेऊ नका, आमचा तो अधिकार नाही.

गोळ्यांचं काय?

हे चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारायचं असतं. पुढं लिहिलंय ती साधारण पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांचं सांगणं वेगळं असेल तर तेच ऐका.

बीपीची गोळी सहसा नेहमीच्या वेळी साध्या पाण्याबरोबर घेतात. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन फास्टिंगच्या आधी घ्यायचं नाही. ते पिशवीत टाकून आणा आणि रक्त दिल्यावर नाश्त्याच्या वेळी घ्या. इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या आजकाल पुष्कळ मुली घेतात. बायोटिननं थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. निदान दोन दिवस आधीपासून बंद ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती थांबवायची नाही, फक्त आम्हाला सांगायची, म्हणजे टोचल्यावर जास्त वेळ दाबून ठेवू. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीत साखर सापडणारच. ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. रिपोर्टवर ते चार अधिक बघून घाबरू नका.

उपाशी असताना हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम आला, छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तपासणी गेली खड्ड्यात. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटं बसा, बरं वाटलं की खाऊन घ्या. साखर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणं असतात. घरी ग्लुकोमीटर असेल तर आकडा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

ताप, जुलाब, मोठी सर्दी चालू असेल तर नेहमीचं चेकअप दोन-तीन आठवडे पुढं ढकला. आजारपणात साखर वाढते आणि कोलेस्टेरॉल उतरतं, दोन्ही आकडे दिशाभूल करतात. आजार शोधायलाच तपासणी सांगितली असेल तर अर्थात थांबायचं नाही.

लॅबमध्ये

बाही सहज वर सरकेल असे कपडे घाला. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत, लोक तीन थर घालून स्कूटरवर येतात आणि हात बर्फासारखे गार असतात. गार हाताची शीर आत दडून बसते. आल्यावर दहा मिनिटं बसा, तळहात एकमेकांवर चोळा, मग हात पुढे करा.

फॉर्मवर नाव, वय आणि फोन नंबर नीट लिहा. शेवटचं कधी जेवलात ती वेळही लिहा, रकाना नसला तरी. रक्त बघून चक्कर येत असेल तर लाजू नका, आधी सांगा. आडवं झोपवून रक्त घेता येतं. धिप्पाड पुरुषच जास्त पडतात, हा माझा अनुभव.

दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ सारखी उघड-बंद करू नका, त्यानं पोटॅशियमचा आकडा वाढतो. एकदा मिटून धरली की पुरे. नळ्यांचे रंग बघून ठेवा. जांभळ्या बुचाची सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी, लाल किंवा पिवळ्या बुचाची बहुतेक बाकी तपासण्यांसाठी, आणि राखाडी बुचाची साखरेसाठी. राखाडी नळीत फ्लोराइड असतं. रक्त बाहेर काढलं तरी पेशी त्यातली साखर खात राहतात, साध्या नळीत दर तासाला साधारण पाच ते सात टक्के कमी होते. फ्लोराइडनं ते हळूहळू थांबतं. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मखमलाबादहून निघून पाथर्डी फाट्यापर्यंत चार घरं करत लॅबला पोचणार असेल, तर ती राखाडी नळी आहे ना, हे नक्की विचारा. नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहून घ्या. आडनावं सारखी असतात, गोंधळ होतो.

सुई निघाली की कापूस सरळ हातावर तीन ते पाच मिनिटं दाबून धरा. कोपरात हात दुमडून उभं राहायची सवय सगळ्यांना आहे, आणि काळं-निळं होतं ते त्यामुळेच. त्या हातानं लगेच जड पिशवी उचलू नका.

दुसरं सॅम्पल, म्हणजे पीपी

खरी घोळाची जागा ही. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. जेवण संपल्यापासून, हात धुतल्यापासून किंवा हॉटेलचं बिल दिल्यापासून मोजायचे नाहीत. साडेआठला खायला सुरुवात केली तर साडेदहाला सुई. पहिल्या घासाला घड्याळ बघा आणि मोबाइलवर गजर लावा.

आणि खायचं काय? इथं नाशिककर वाहवत जातो. रात्रभर उपाशी, समोर मिसळीचं दुकान, मग तर्रीदार मिसळ, दोन जादा पाव, वर जिलबी. आकडा २०० च्या पुढे गेला की म्हणतात लॅब चुकली. उलट, आकडा बरा यावा म्हणून दोन मारी बिस्किटांवर भागवणारेही आहेत. दोघांचेही रिपोर्ट डॉक्टरांच्या काही कामाचे नाहीत. रोज सकाळी पोळी-भाजी खात असाल तर पोळी-भाजी, पोहे खात असाल तर पोहे, नेहमीएवढे. म्हणून गावाहून येणाऱ्यांनी पिशवीत आणलेली भाकरी-भाजी सगळ्यांत उत्तम. ते त्यांचं रोजचंच जेवण. नेहमीची मधुमेहाची गोळी याच वेळी घ्यायची. ती न घेता पीपी केली तर औषध लागू पडतंय की नाही, हे डॉक्टरांना कळणार कसं?

मधल्या दोन तासांत फक्त पाणी. चहा नाही, उन्हाळ्यात रसवंतीवरचा उसाचा रस तर नाहीच. मधल्या वेळात मेनरोडवर खरेदीला भटकू नका, चालण्यानं साखर उतरते. बसा, वर्तमानपत्र वाचा. घर कॉलेज रोड-शरणपूर रोडच्या आसपास असेल तर लॅबही तिथलीच निवडा, म्हणजे घरी जाऊन जेवून परत येता येतं. सिडकोतून शालिमारला येऊन हे दोन फेरे करण्यात अर्थ नाही.

चुकलंच तर

झोपेत उठून दूध प्यायलात, नातवानं तोंडात चॉकलेट घातलं, सवयीनं चहा झाला. होतं असं. काउंटरवर सरळ सांगा. चिठ्ठीतल्या ज्या तपासण्यांना उपाशीपण लागत नाही त्यांचं रक्त आम्ही तेव्हाच घेतो, बाकीसाठी उद्या बोलावतो. काही वेळा डॉक्टरांना फोन करून फास्टिंगऐवजी रँडम, म्हणजे कुठल्याही वेळची, शुगर करतो. एक फेरा जास्त पडतो, पण चहावरची साखर फाइलीत फास्टिंग म्हणून जाण्यापेक्षा तो फेरा बरा. चुकीच्या आकड्यावर सुरू झालेली गोळी बंद करून घ्यायला महिने जातात.

रिपोर्ट आल्यावर

फास्टिंग शुगर १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेहाची शक्यता. पण कसलाही त्रास नसताना एकाच रिपोर्टवर निदान करत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. जेवणाआधीचा आकडा नंतरच्यापेक्षा जास्त आला तरी लगेच लॅबला शिव्या देऊ नका. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि साखर चढते. रात्रीचं औषध कमी पडत असेल तर ते असंच दिसतं.

घरच्या ग्लुकोमीटरशी तुलना करायची असेल तर दहा-पंधरा टक्के फरक धरून चला. दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये जा, रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही आहे ना ते बघा, आणि प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात किती तास उपाशी होतात ते पेनानं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टर दोन कागद शेजारी ठेवतात तेव्हा त्या ओळीचा उपयोग होतो.

आणि फोन. एखादा आकडा फारच खाली किंवा फारच वर आला तर आम्ही संध्याकाळच्या रिपोर्टची वाट बघत नाही, फॉर्मवरच्या नंबरवर लगेच फोन करतो. कुणी मुलाचा पुण्यातला नंबर लिहिलेला असतो, तर कुणी अनोळखी नंबर म्हणून कट करत राहतं. रक्त दिल्याच्या दिवशी तेवढा फोन उचला.